पेटीतला देव

माझी धाकटी बहीण यमू लग्न होऊन सासरी गेली, त्या सालची ही गोष्ट. हळदीच्या सकाळी बायका तिला हळद लावत होत्या आणि हळदीची वाटी पाटावरून आपली आपण सरकत खाली आली. मांडवाचा खांब करकरला. भागीकाकी ओरडली, "कोण रे तो मेला खांबाला टेकतोय? मांडव पाडशील!"

खांबाला कुणीच टेकलेलं नव्हतं.

धक्के आम्हाला नवे नव्हते. आमची नेरवली घाटाच्या अगदी पायथ्याला. फळीवरची भांडी वाजली की बायका भांड्यांवर हात ठेवायच्या आणि हातातलं काम पुढे चालू करायच्या. पण त्या वैशाखात धक्के थांबेनात. यमूची पाठवणी झाली आणि दोन दिवसांनी भागीकाकी लाकडांसाठी सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, गेली, तर चालता चालता तिचा पाय गुडघ्यापर्यंत जमिनीत गेला. ती लंगडत खाली आली ती शिव्या देतच. आम्ही पुरुष वर गेलो. सड्याच्या कडेकडेने, भाकरी मोडावी तशी, एक लांब भेग गेली होती. दाजींनी तिच्यात बांबू सोडला. बांबू खाली कशालाच लागला नाही. मी भेगेच्या काठावरून खाली पाहिलं, तर सरळ माझ्या घराचं अंगण दिसलं. अंगणात माझी बायको अनशी पोराला अंघोळ घालत होती.

दाजी म्हणजे आमचे गावकर. गावाचा शब्द त्यांचा. मी गुरवाचा मुलगा महादू. देवीची पूजा आमच्या घराकडे. माझे वडील, आबा, सोमजाईचे गुरव होते, त्यांच्या आधी त्यांचे वडील.

तालुक्याहून पेडणेकर साहेब आले. तरुण माणूस, पण सड्यावर स्वतः चढला, भेग पाहिली आणि खाली येऊन देवळाच्या पायरीवर घाम पुसत बसला.

"गावकर, पावसाचं पाणी ह्या भेगेत भरलं की डोंगराची ही बाजू खाली येणार. नदीपलीकडच्या माळावर मी पत्र्याच्या शेड उभ्या करतोय. पावसाआधी गाव हलवा."

"तुम्ही सांगताय ते खरं असंल, साहेब," दाजी म्हणाले. "पण आम्ही आमच्या मनाचे मालक नाय. आईला विचारावं लागंल."

"विचारा. पण लवकर विचारा."

आमच्याकडे कौल लावतात. सोमजाईचा पाषाण स्वयंभू, जमिनीतून वर आलेला. गुरव त्या पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या बाजूला एक एक ओली कळी चिकटवतो. गावकर गाऱ्हाणं घालतात, प्रश्न विचारतात. उजवी कळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. नांगर आज धरायचा की नाही, मुलगी कुठे द्यायची, भांडण कोर्टात न्यायचं की नाही, सगळं असं ठरायचं. आबांच्या हातचा कौल आजूबाजूची गावंही मानायची. आबांनी आयुष्यात कधी कुणाच्या बाजूने कळी पाडली नाही, हे त्यांचे वैरीही कबूल करत.

दाजींनी विचारलं, "आई, आम्ही गाव सोडून पलीकडं जाऊ काय?"

डावी कळी पडली.

झालं. दाजींनी साहेबांना निरोप धाडला की आई नाही म्हणते. लोक परत आपापल्या कामाला लागले. मी मात्र रोज सकाळी उठलो की आधी सड्याकडे बघायचो. माझं पोर अजून रांगतही नव्हतं. मी आबांना म्हणालो, "आपण चौघं तरी जाऊ."

"गुरव गावाआधी निघतो काय रे?" आबा म्हणाले. बस, एवढंच.

साहेब चिडले नाहीत. आठवड्याभराने ते एक मोटार घेऊन आले. तिच्यात सिनेमाचं यंत्र, जनरेटर आणि पांढरा पडदा होता. शाळा, कुटुंबनियोजन असल्या गोष्टी दाखवायला ती मोटार गावोगाव फिरायची. पण साहेबांनी कुठून तरी जपानी सिनेमा मिळवला होता.

"जपानात पण धक्के बसतात," ते म्हणाले. "ह्या सिनेमात त्यांचा सगळा देशच समुद्रात बुडतो. खरा नाही, रचलेला आहे. पण बघा."

"फुकट?" भागीकाकीने विचारलं.

"फुकट."

"मंग बुडू दे. बघू."

दिवस मावळायच्या सुमाराला देवळासमोरच्या दोन फणसांच्या मध्ये पडदा बांधला. सगळं गाव घोंगड्या घेऊन आलं. यंत्र चालवणारा माणूस तापाने तालुक्याला पडून होता, म्हणून साहेब स्वतःच यंत्रापाशी उभे राहिले. माणसं जपानी बोलत होती आणि खाली इंग्रजी अक्षरं येत होती. साहेबांना यंत्र सोडता येईना, आणि यंत्रापाशी बोललेलं पुढे ऐकू येईना. त्यांनी मला हाक मारली. मी मुंबईत दोन वर्षं एका थिएटरात झाडू मारला होता, म्हणून सिनेमा म्हटलं की गावात माझं नाव निघायचं.

"हा माइक घे. मी तुला मोठ्याने सांगतो, तू तुझ्या भाषेत सांग."

"साहेब, मला वाचता येत नाही."

"वाचायचं मी बघतो. तू बोल."

मी बोलायला लागलो.  "हा एक शास्त्री हाय," मी म्हणालो. "हा समुद्राच्या तळाला जाऊन आलाय. हा म्हणतो, खालची जमीन सरकतेय."

"आपल्या साहेबासारखाच दिसतोय," कुणीतरी म्हणालं. "कपाळावर आठ्या तशाच."

"ह्याचं कुणी ऐकत नाय," मी म्हणालो.

"ते पण तसंच!"

साहेबही हसले. मग लोक रमले. ती घरं लाकडाची होती, माणसं दारात चपला काढून आत जात होती, म्हातारी माणसं वाकून नमस्कार करत होती. दाजी म्हणाले, "रीतीची माणसं आहेत." डोंगर फुटायला लागले तसं हसणं थांबलं. एक रस्ता मधोमध चिरला, तेव्हा भागीकाकीने आपला दुखरा गुडघा दोन्ही हातांनी धरला. पडद्यावर लोक ओझी घेऊन बंदराकडे धावत होते. ओझ्यांच्या मध्ये एक बाई होती. उंच नव्हती, तरुण नव्हती. तिच्या घरात पाणी शिरलं होतं, उंबऱ्यावर चढलं होतं. ती आत गेली आणि एक पेटी घेऊन बाहेर आली. चौकोनी, निळ्या फडक्यात बांधलेली, वर गाठ मारलेली. तिने ती आधी कपाळाला लावली, मग पाठीवर बांधली आणि मागे न बघता निघाली.

"त्या पेटीत काय हाय रे?" भागीकाकीने विचारलं.

मी साहेबांकडे पाहिलं. ते जनरेटरपाशी वाकले होते. जनरेटर ठसके देत होता. खाली अक्षरंही आली नव्हती. बाई काही बोललीच नव्हती.

मी पडद्याकडे पाहिलं. चौकोनी पेटी, निळं फडकं, कपाळाला लावलेली. आमच्या घरात असं काय कपाळाला लावतात?

"देव," मी माइकमधून म्हणालो. "तिच्या घरचा देव्हारा. देव पाठीवर घेऊन चाललीय ती."

 मग बायकांच्या बाजूने भागीकाकीचा आवाज आला, "दाजी, देव उचलला हो तिनं!"



बाई बंदरावर पोचली. लांब समुद्रात जहाजं उभी होती. मागे डोंगर आगीने लाल झाला होता. ती गर्दीत उभी होती, पेटीच्या गाठीवर हात ठेवून. आणि जनरेटर बंद पडला. पडदा काळा झाला.

"डिझेल संपलं," साहेब अंधारातून म्हणाले. त्यांच्या आवाजात इतकी निराशा होती की मला त्यांची दया आली. "गळत होतं वाटतं. माफ करा मंडळी."

"माफ काय करा?" भागीकाकी म्हणाली. "ती बाई चढली काय जहाजावर? महादू, सांग रे!"

"मी तरी कुठं बघितलाय पुढचा?"

"अरे, थिएटरात होतास ना? सांग!"

सगळेच सांग सांग म्हणायला लागले. माइक बंद होता. मी उभा राहिलो आणि मोठ्याने सांगितलं. "चढली. सगळी चढली. जहाजं दुसऱ्या देशाला लागली. तिथं त्या बाईनं पहिल्यांदा देव मांडला आणि मंग चूल मांडली."

"हां," म्हणून भागीकाकीने घोंगडी झटकली.

आबा सिनेमाला बसले नव्हते. त्यांची नजर लांबचं धरत नव्हती. ते देवळाच्या पायरीवर पडद्याकडे पाठ करून बसून होते, पण माझं सगळं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. मी त्यांना हात द्यायला गेलो तर उठेनात.

"म्हादू, त्या बाईनं देवाला विचारलं काय, येतोस म्हणून?"

"नाही, आबा. विचारायला वेळ नव्हता. पाणी उंबऱ्यावर होतं."

"आणि देव रागावला नाय?"

"जहाज लागलं ना काठाला."

"देवच होता ना रे पेटीत?"

"दुसरं काय असणार?"

"हां," आबा म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात टाकून उठले.

सकाळी दाजींच्या अंगणात माणसं जमली होती. दाजी म्हणत होते की आपला देव पेटीत मावणारा नाही. पाषाण जमिनीत आहे, किती खोल ते कुणाला ठाऊक नाही.

"पण रुपं आहेत ना," भागीकाकी म्हणाली. रुपं म्हणजे देवीचे पितळी मुखवटे. शिमग्याला ते पालखीत बसतात आणि पालखी घरोघर जाते. "शिमग्याला आई दाराशी येते ती रुपांतच येते. मंग पलीकडं का नाय येणार?"

"पालखी शीव ओलांडत नाय, काकी. बापजन्मात ओलांडली नाय."

"बापजन्मात माझा पाय पण जमिनीत गेला नव्हता!"

लोक हसले. दाजीही हसले, पण मान हलवत राहिले. तेव्हा आबा म्हणाले, "परत कौल लावूया. आपण गेल्या वेळी आपल्या जाण्याचं विचारलं. आईला यायचं हाय काय, ते कुठं विचारलं?"

गावात आबांचं बोलणं कुणी मोडत नसे. सगळे देवळात आले. आमचा गाभारा लहान, दिवसाही अंधारा. आत दोनच माणसं मावतात. आबा आत गेले आणि उजेडासाठी मी समई हातात धरून त्यांच्या मागे उभा राहिलो. बाहेरच्यांना आमच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या. आबांनी पाषाण पुसला. दोन कळ्या पाण्यात बुडवून दोन्ही अंगांना लावल्या. दाजींनी बाहेरून गाऱ्हाणं घातलं.

"आई सोमजाई, तुजी लेकरं पलीकडं जाऊ बघतात. तू आमच्याबरोबर येतेस काय? येत असशील तर उजवी दे."

"व्हय महाराजा!" सगळे म्हणाले.

सगळे कळी पडायची वाट बघत उभे राहिले. मग आबांनी हात पुढे केला, उचलला आणि वळून दाराशी आले. त्यांच्या तळहातावर कळी होती.

"उजवी," ते म्हणाले. "आई येते म्हणते."

त्यानंतर गाव थांबलं नाही. ढोल बाहेर आले. शिमगा नसताना पालखी सजली. दाजींनी पहिला खांदा दिला आणि साकवावरून पालखी नदीपलीकडे निघाली. शिवेवर आल्यावर दाजींचे पाय क्षणभर अडखळले. मग त्यांनी डोळे मिटले आणि पाऊल टाकलं. आमच्याकडे पालखी जिथे बसते तिथे गाव. पालखी माळावर बसली म्हटल्यावर कुणाला 'चल' म्हणावं लागलं नाही. माणसांनी दारं, वासे, जाती, गोठ्यातल्या गव्हाणी, सगळं पाठीवर नेलं. साहेब स्वतः पत्रे धरत होते. भागीकाकी माझ्या पोराला कडेवर घेऊन साकवावरून गेली आणि पलीकडून ओरडली, "अनशे, देव गेला, आता चूल आण!"

मृग लागायच्या आत अलीकडे एकच माणूस उरला.

मी आबांचं अंथरूण गुंडाळायला गेलो तर ते गाभाऱ्यात समईची वात वळत बसले होते.

"चला, आबा."

"तू जा. मी इथं हाय."

"आई पलीकडं गेली. आता इथं कोण?"

"रुपं गेली. ती इथंच हाय," त्यांनी पाषाणाकडे हात केला. "हिला दिवा कोण लावंल?"

"मी लावीन. रोज येऊन लावीन."

"नदी भरल्यावर कसा येशील? उडत?"

मी त्यांच्यासमोर मांडी घालून बसलो. तुम्हाला उचलून नेईन म्हणालो. तुम्हाला नातवाची शपथ आहे म्हणालो. आबा शांतपणे वात वळत राहिले. मग म्हणाले, "म्हादू, त्या दिवशी समई कुणाच्या हातात होती?"

"माझ्या."

"तू बघितलंस."

"बघितलं."

"मंग मला कशाला विचारतोस?"

डावी कळी पडली होती. समईच्या उजेडात मी ती पडताना पाहिली होती. उजवी पाषाणाला घट्ट चिकटून होती. आबांनी ती बोटाने सोडवली आणि तळहातावर घेऊन गावाला दाखवली.

"आबा, गाव वाचावं म्हणून केलंत ना? मग ते खोटं कसलं?"

"गाव वाचंल. पण खोटं ते खोटं. पन्नास वर्षं मी हिच्या तोंडून बोललो, एकदा पण माझं बोललो नाय. त्या दिवशी माझं बोललो. आता हिला एकटी टाकून मी पण तुमच्याबरोबर पत्र्याखाली जाऊन बसलो, तर मंग मी नुसता लबाड. इथं राहिलो तर हिचा गुरव तरी राहीन."

"आणि डोंगर आला तर?"

"तर हिच्यावर येईल तोच माझ्यावर येईल." त्यांनी वात तेलात बुडवली. "त्या बाईला विचारायला वेळ नव्हता, म्हणालास. मला होता. मी विचारलं आणि ऐकलं नाय. एवढाच फरक. जा. आणि दाजीला ह्यातलं काय सांगू नकोस. त्याला रात्रीची झोप लागली पायजे."

मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांनी उठवलं नाही, थोपटलंही नाही. हातात वात होती.

पाऊस लागला. पहिले दिवस मी साकवावरून भाकरी घेऊन जायचो. आबा पायरीवर बसलेले असायचे. सुनेने काय केलंय विचारायचे, पोराला दात आला का विचारायचे. मग एका पुरात साकव वाहून गेला. त्यानंतर दिवस मावळला की मी माळाच्या कडेला उभा राहायचो. झाडांच्या मध्ये देवळाचं दार दिसायचं. त्यात दिवा लागायचा. दाजी शेजारी येऊन उभे राहायचे आणि दिवा दिसला की म्हणायचे, "बघ, आईचं लक्ष हाय." मी हो म्हणायचो. दोन्ही हात तोंडाशी धरून मी हाक मारायचो, पण नदीचा आवाज मोठा होता. एकदा आबांनी समई उचलून दारात वर खाली केली. तेवढंच आमचं बोलणं.

मला अक्षरओळख झाली ती पुष्कळ पुढे, केस पिकल्यावर, नव्या नेरवलीत साक्षरतेचा वर्ग आला तेव्हा. दाजी आणि भागीकाकी तोवर आपापल्या अंथरुणात म्हातारे होऊन गेले होते. आता मी पेपर वाचतो, दुकानाच्या पाट्या वाचतो. गेल्या दिवाळीत नात टीव्हीसमोर बसली होती, मी नुसताच डोळे मिटून पडलो होतो. हिंदीत कुणीतरी म्हणत होतं की खालची जमीन सरकते आहे. मी उठून बसलो. तेच डोंगर, तीच लाकडाची घरं. निळ्या फडक्यातली पेटी कपाळाला लावून ती बाई पाण्यातून निघाली.

"आजोबा, बदलू का?"

"हात लावू नकोस."

जनरेटर बंद पडला होता तिथून पुढे मी पहिल्यांदाच पाहत होतो. बाई जहाजावर चढली. परक्या देशात एका मोठ्या शेडमध्ये माणसं दाटीवाटीने बसली होती. तिने पेटी पुढे घेतली, गाठ सोडली, झाकण उघडलं. आत हाताने फिरवायचं शिवणाचं यंत्र होतं. तिने चाक एकदा फिरवून बघितलं, सुई खालीवर झाली. मग शेजारच्या माणसाचा फाटलेला सदरा मागून घेतला आणि शिवायला बसली.

"काय झालं आजोबा?" नातीने विचारलं.

"काही नाही. बाई हिमतीची होती," मी म्हणालो, आणि सिनेमा संपेपर्यंत बघितला.

माझे वडील अर्जुन सोमा गुरव, यमूचं लग्न झालं त्याच वर्षी, श्रावण शुद्ध चतुर्थीला, नागपंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी डोंगर आला तेव्हा देवळातच वारले. नेरवलीतलं दुसरं कुणीही मेलं नाही.